खुरटणे आणि छाटणे : ताटलीतल्या वडाविषयी

मराठी समीक्षेत ‘बोन्साय’ हा शब्द झाडासाठी क्वचितच येतो. तो येतो तो बहुधा तक्रार म्हणून. कवीची प्रतिभा नोकरीत अडकली की तिचे बोन्साय झाले. घराच्या उंबऱ्याने स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वाचे बोन्साय केले. कादंबरीचा ऐवज असलेला विषय कथेत कोंबला की त्या विषयाचे बोन्साय झाले. परीक्षणांत, प्रबंधांत, चर्चासत्रांतल्या निबंधांत ही प्रतिमा इतकी रुळली आहे की तिच्यामागे एक प्रत्यक्ष झाड असते, त्याला सकाळ-संध्याकाळ कुणीतरी पाणी घालत असते, याचा विसर पडावा. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, आणि अंबाजोगाईतल्या आमच्या घराच्या गच्चीवर वीस वर्षांहून अधिक काळ एक वड उथळ ताटलीत वाढतो आहे. एका बाजूला हाताखालची उत्तरपत्रिका, दुसऱ्या बाजूला हे झाड, अशा अवस्थेत इतकी वर्षे काढल्यावर या प्रतिमेविषयी काही नोंदवावेसे वाटते.

प्रथम शब्दच पाहू. जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ ताटली किंवा तसराळे आणि ‘साय’ म्हणजे लावणे. ताटलीतली लागवड, एवढाच या शब्दाचा अर्थ. मूळ चिनी कल्पनेतही भर भांड्यावरच आहे. लहानपणाचा, खुजेपणाचा त्यात उल्लेखही नाही. आपण मात्र त्यासाठी ‘वामनवृक्ष’ असा प्रतिशब्द घडवला आणि सगळा भर उंचीवर नेऊन ठेवला. गंमत अशी की वामन ही कथा खुजेपणाची नाहीच. बळीच्या यज्ञमंडपात आलेला बटू दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश व्यापतो, तिसऱ्या पावलाला जागा उरत नाही. लहान देहात मावलेले मोठेपण हा त्या कथेचा गाभा आहे. प्रतिशब्द घडवणाऱ्याला ते बहुधा ठाऊक असावे. वापरणारे आपण ते विसरलो.

या कलेशी आमची ओळख पुस्तकातून झाली. अंबाजोगाईत तेव्हा ती दुसऱ्या कुठल्या मार्गाने होणे कठीणच होते. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींजवळ शिक्षक होते, प्रदर्शने होती; आमच्याजवळ रद्दीवाल्याकडून आणलेले एक इंग्रजी पुस्तक होते आणि त्याचा नायक बीच हा वृक्ष होता. युरोपातला बीच आणि जपानातला त्याचा भाऊबंद ‘बुना’. गुळगुळीत, राखाडी-पांढुरकी साल. भाल्याच्या टोकासारख्या लांबट, अणकुचीदार कळ्या. आणि एक विलक्षण सवय : शरदात पाने तांबूस होऊन वाळतात, पण गळत नाहीत. विशेषतः कोवळ्या वयाच्या आणि ताटलीतल्या झाडांवर ती हिवाळाभर फांद्यांना धरून राहतात आणि वसंतात नवी कळी फुगली की मगच जागा सोडतात. बीचला वर्षातून मुख्यतः एकदाच पालवी फुटते. त्यामुळे त्याला घडवणाऱ्याच्या हाती वसंतातले मोजके दिवस असतात. कळी उलगडू लागताच तिचे मधले टोक बोटांनी हलकेच खुडायचे, एवढीच त्याची मुभा. तो क्षण हुकला की पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहायची.

आपल्या रानावनात बीच नाही, आणि आणून लावला तरी बीड जिल्ह्यात तो जगणार नाही. त्याला दीर्घ, थंड हिवाळ्याची झोप लागते. बालाघाटाच्या माथ्यावर मार्गशीर्ष-पौषातल्या चार रात्री कडाक्याच्या निघतात, पण तेवढ्याने बीचचा डोळा लागत नाही; आणि वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की त्याची पातळ पाने कडेने करपतात. म्हणजे आमच्या हाती होते ते एका न जगणाऱ्या झाडाचे शास्त्र. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित नाही. व्हर्जिलच्या गोपकाव्यांतल्या पहिल्याच कवितेत टिटिरस नावाचा गुराखी बीचच्या सावलीत बसलेला आहे. ती कविता इथल्या वर्गात शिकवायची तर त्या सावलीचे काय करायचे? तळटीप द्यायची, की गुराख्याला सरळ वडाखाली आणून बसवायचे? लॅटिनमध्ये बीचला ‘फागुस’ म्हणतात; त्याच मुळापासून आलेला ग्रीक ‘फेगोस’ हा शब्द मात्र एका जातीच्या ओकसाठी वापरला जाई. माणसे स्थलांतर करून गेली, नवा प्रदेश, नवी झाडे समोर आली आणि जुने नाव नव्या झाडाला चिकटले. जर्मनमध्ये बीचला ‘बूखे’ आणि पुस्तकाला ‘बूख’ म्हणतात. या दोहोंचे नाते मानण्याची जुनी प्रथा आहे, तिच्यावर भाषाभ्यासकांचे वादही आहेत. आपल्याकडे मात्र वादाला जागाच नाही : झाडाचेही पान आणि पुस्तकाचेही पानच.

तेव्हा आम्ही भाषांतराचा मार्ग धरला. बीचच्या जागी वड. हा वड आम्ही रोपवाटिकेतून आणलेला नाही. २००४ च्या पावसाळ्यात गावातल्या एका जुन्या वाड्याची भिंत उतरवायची होती. तिच्या दगडांच्या सांध्यात, पाखरांनी टाकलेल्या बीतून उगवलेला हा रोपटा वीतभर उंचीचा होता, पण बुंधा अंगठ्याएवढा जाड झालेला. अशा ठिकाणी झाड वर्षानुवर्षे तगते आणि वाढत नाही. डोंगरकपारीत निसर्गाने खुजी ठेवलेली झाडे काढून आणण्याला जपानी भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘यामादोरी’. आमची ‘यामा’ म्हणजे डोंगर ही एक पडकी भिंत होती, एवढेच. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो, आणि आत काहीच दिसत नाही असे मुलाने म्हटल्यावर त्या न दिसणाऱ्यातच वृक्ष उभा असल्याचे सांगतो. भिंतीतल्या त्या सांध्यात तो धडा पुन्हा गिरवलेला दिसत होता.

पुस्तकातला एकेक नियम इथल्या मातीत उतरवताना मोडावा लागला. काळी माती ही मराठवाड्याची श्रीमंती, पण उथळ ताटलीत ती झाडाची वैरीण ठरते. भिजली की फुगते, वाळली की तडकते आणि तडकताना बारीक मुळे तोडते. म्हणून विटांचा चाळलेला चुरा, नदीची जाड वाळू, थोडा मुरूम आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत असे मिश्रण ठरले. ताटली गावातल्या कुंभारानेच घडवून दिली. तळाला भोके पाडायला सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून घेतले, कारण आयुष्यभर ज्यांनी पाणी धरून ठेवणारी भांडी घडवली, त्यांना पाणी सोडून देणारे भांडे विपरीतच वाटणार. बीचला वर्षातून एकदा पालवी. वड मृगापासून दिवाळीपर्यंत थांबायचे नाव घेत नाही. बीचची कळी खुडली तर ती मुकाट राहते; वडाची फांदी कापली की पांढरा चीक वाहतो, त्यावर ओला फडका दाबून धरावा लागतो. दोन-तीन वर्षांनी, पहिल्या पावसाच्या सुमारास, झाड ताटलीतून उचलायचे, मुळांचा गोळा विंचरायचा, जाड मुळे तोडायची, बारीक राखायची. फांदीला वळण द्यायचे तर ॲल्युमिनियमची तार गुंडाळायची आणि सालीत रुतण्याआधी काढायची. पावसाळ्यात ती काही आठवड्यांतच रुतू लागते.

सर्वांत अवघड प्रकरण पारंब्यांचे. ‘न्यग्रोध’ म्हणजे खालच्या दिशेने वाढणारा. पारंबी नसलेला वड म्हणजे नाव हरवलेला वड. पण पारंबीला दमट हवा लागते. श्रावणात फांदीच्या खालच्या अंगाला लालसर-पिवळी टोके दिसू लागतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती काळी पडून वाळतात. कोकणातल्या वडाला जे आपोआप लाभते ते बीडमधल्या वडाला हाताने मिळवून द्यावे लागते. शहाळ्याबरोबर मिळणाऱ्या नळीत ओले शेवाळ भरायचे, नळी उभी चिरून तिच्यातून ते टोक सोडायचे आणि ते मातीला टेकेपर्यंत शेवाळ वाळू द्यायचे नाही. आमच्या वडाची पहिली पारंबी अशा रीतीने तिसऱ्या पावसाळ्यात जमिनीला पोचली. टेकल्यानंतर ती ताणली गेली, जाड झाली आणि फांदीला टेकू देऊ लागली. आज अशा चार पारंब्या आहेत. झाडाची उंची दीड फूट.

उन्हाळ्यात या दीड फुटाला सकाळी आणि संध्याकाळी पाणी लागते. दुपारी वरून हिरवी जाळी. इथे बीड जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्यापुढे एका साध्या वाक्याने उभा राहिला. २०१६ चा उन्हाळा होता. लातूर-अंबाजोगाईची तहान ज्याच्यावर अवलंबून, ते धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडलेले. एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या गल्लीत टँकर येई तो आठवड्यातून एकदा. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी साठवून आम्ही ते वडाला घालत असू. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी ते बरेच दिवस पाहिले आणि एके सकाळी विचारले, “बाई, वाढूच द्यायचं न्हाई तर मंग पानी कशाला घालताव?”

या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांचा मुलगा आणि सून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायचे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर पाच-सहा महिने राहायचे, हा बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांचा क्रम. त्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांची मोजणी एका कापण्याच्या हत्याराने होते, अशी ही भाषा. पाणी वाढीसाठी असते आणि वाढ पोटासाठी असते, हे त्या घराचे साधे शास्त्र होते आणि आमचे झाड त्यात कुठेच बसत नव्हते.

मावशींना त्या दिवशी दिलेले उत्तर थोडक्यात होते : हे वाढते, म्हणूनच छाटावे लागते. उत्तर खरे होते. ते पुरेसे होते की नाही, याचा विचार पुढे बरीच वर्षे चालला. बोन्साय उपाशी ठेवून लहान करतात हा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. उपाशी झाडाची पाने पिवळी पडतात, फांद्या वाळतात, बुंधा जाड होत नाही. ताटलीत माती थोडी म्हणून पाणी जास्त वेळा, खत थोडे पण नियमित, ऊन मोजून. जमिनीतल्या झाडाला मिळत नाही इतकी सेवा या झाडाला मिळते, आणि ती मिळाल्यामुळे जे वाढते त्यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे हे दुसरा ठरवतो. मराठीत या दोन अवस्थांना दोन स्वच्छ शब्द आहेत. पाण्याअभावी पीक ‘खुरटते’. फांदी ‘छाटली’ जाते. खुरटणे अकर्मक आहे, त्यात कर्ता दिसत नाही. छाटणे सकर्मक आहे, कोयत्यामागचा हात त्यात गृहीत आहे.

आमच्या समीक्षेतली प्रतिमा या दोन क्रियापदांची गल्लत करते आणि ही गल्लत निरुपद्रवी नाही. ज्या मुलाची शाळा उसाच्या फडामुळे निम्मे वर्ष सुटते, त्याच्या बुद्धीचे ‘बोन्साय’ झाले असे लिहिणे म्हणजे जिथे कुणी पाणीच घातले नाही तिथे माळ्याची कल्पना करणे होय. तो मुलगा खुरटला, आणि खुरटण्यामागचा अदृश्य कर्ता शोधणे हे काम प्रतिमेने परस्पर उरकून टाकले. उलट, बोन्सायची प्रतिमा जिथे खरोखर चपखल बसेल तिथे ती कुणी वापरत नाही. आमच्या परिसरात ‘लातूर पॅटर्न’ने दोन पिढ्या घडवल्या. पहाटे उठवलेली, वेळेवर खाऊ घातलेली, शिकवणीच्या वेळापत्रकात तारेने वळवलेली, कविता आवडते असे म्हणताच ती फांदी अलगद काढून घेतलेली आणि शेवटी गुणवत्ता यादीच्या ताटलीत मांडून ठेवलेली मुले आमच्या वर्गांतून गेली आहेत. ती खुरटलेली नव्हेत. अतिशय प्रेमाने जोपासलेली आहेत. बोन्सायचे भय तिथे आहे, कारण त्यात दुष्टावा नाही, दुर्लक्ष नाही. आहे ते फक्त दुसऱ्याच्या डोळ्याला दिसलेल्या आकारावरचे प्रेम.

आणि काही ठिकाणी प्रतिमेने गप्प बसावे हे बरे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, विधिमंडळात प्रश्न आले, चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांतही काम थांबू नये, खाडा पडून दंड बसू नये, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. त्या वेळी एखाद्या छाटलेल्या झाडाची उपमा सुचणे सोपे होते. ती न सुचू देणे ही लिहिणाऱ्याची किमान जबाबदारी होती. झाडाला छाटल्यावर पुन्हा फुटवे येतात.

याचा अर्थ लहान आकार हाच दोष, असे मात्र नव्हे. अंबाजोगाईला मोठ्या आकाराचे वावडे कधीच नव्हते. दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते, आणि त्यांची ‘पंचीकरण’ची पासोडी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली आहे. याच गावच्या डोंगरदरीत मुकुंदराजांची समाधी आहे, ज्यांच्या ‘विवेकसिंधू’ची परंपरेने मानलेली तारीख शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ (तिच्याविषयी वाद आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे). पण म्हणून कुणी अभंगाला महाकाव्याचे बोन्साय म्हणत नाही. अभंग स्वतःच्या मापात पूर्ण असतो. चांगल्या बोन्सायची कसोटीही तीच मानली जाते : शेजारी माप दाखवणारे काही ठेवले नाही, तर झाड लहान आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये.

दोन प्रसंग या संदर्भात आठवतात. एका ज्येष्ठ पौर्णिमेला शेजारच्या वहिनी पूजेचे ताट आणि सूत घेऊन गच्चीवर आल्या. बाजारातून तोडलेली फांदी आणून पूजायची त्यांची इच्छा नव्हती. स्टुलावरच्या दीड फुटी वडाला त्यांनी सात फेरे घातले. एकेका फेऱ्याला चार पावले पुरली. सूत पारंब्यांना लागू नये म्हणून त्यांनी घेतलेली काळजी पाहून वाटले, लहान झाडापुढे माणूस अधिक जपून वागतो.

दुसरा प्रसंग बीडचा. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’चे वृक्षसंमेलन भरले. संमेलनाध्यक्षपद वडाला दिलेले होते. साहित्य संमेलनांच्या निवडणुका आणि भाषणे यांची सवय असलेल्या आम्हा मंडळींना बिनविरोध आणि न बोलणाऱ्या या अध्यक्षांचा थोडा हेवा वाटला, हे खरे. एरवी उजाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने अध्यक्ष म्हणून झाड निवडावे, यात विनोदाहून अधिक काहीतरी होते. त्या अध्यक्षांपुढे आमचा ताटलीतला वड म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा पुन्हा टोचला.

त्याचे एक उत्तर आमच्या नकळत तयार होत होते. वडाची जून फांदी ओल्या मातीत खोचली तर सहज मुळे धरते. दर पावसाळ्यात छाटलेल्या फांद्यांपैकी जाडसर आम्ही डब्यांत लावत आलो आणि मागेल त्याला देत आलो. त्यातली एक २०१६ च्या पावसाळ्यात मावशींनी आपल्या गावी नेली. पहिल्या वर्षी शेळ्यांनी ती बुडापर्यंत खाल्ली. ती पुन्हा फुटली. मग त्यांनी बोराटीचे कुंपण केले आणि हापशाचे सांडपाणी तिकडे वळवले. आज ते झाड घराच्या पत्र्यांपेक्षा उंच आहे, आणि कारखान्याला निघालेली बिऱ्हाडे ट्रॉली भरेपर्यंत त्याच्याखाली थांबतात. ज्याचा तो तुकडा, तो वड इथे दीड फुटांवर आहे. दोहोंचा चीक एक, पान एक. आमच्याकडचे पान तळहाताएवढे, तिकडचे त्याच्या तिप्पट.

आता प्रश्न वारशाचा आहे. १६२५ पासून ताटलीत वाढणारा एक पाइन हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबमधून तो वाचला आणि १९७६ मध्ये ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाला भेट म्हणून दिला गेला. इतकी ऐतिहासिक जबाबदारी आमच्या वडावर नाही. पण मुले पुण्यात स्थायिक झाली आहेत, गुडघे गच्चीचा जिना मोजू लागले आहेत, आणि वैशाखात हे झाड दोन दिवसही एकटे ठेवता येत नाही. आमच्या दोघांत यावर मतभेद आहेत. एकाचे म्हणणे, एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याला द्यावे. दुसऱ्याचे, ताटली फोडून मावशींच्या गावी त्या झाडाशेजारी लावून टाकावे. पहिल्या पर्यायात वीस वर्षांचा आकार वाचेल, दुसऱ्यात तो काही वर्षांतच ओळखू येईनासा होईल. भाषांतर मूळ भाषेत परत नेले तर उरते काय, असाही हा वाद आहे. मृगाला अजून अवधी आहे. तोवर सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे चालू आहे.